मंगळवारचं ऊन

माझ्या बायकोच्या अंत्यविधीला एक गाणं वाजवायचं, एवढंच काम होतं. तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. कॅसेट घालायची, बटण दाबायचं, गाणं संपलं की बटण सोडायचं. हेस्टरने हे काम माझ्यावर सोपवलं, कारण तिच्या मते याहून सोपं काम माझ्यासाठी शोधून सापडलं नसतं. इस्पितळातल्या उशीवरून तिने मला बजावलं, "काळे कपडे नकोत, रडारड नको, आणि शेवटी 'मंगळवारी ऊन पडेल' झालं पाहिजे. नीट झालं पाहिजे, लायोनेल. बाकी काय वाटेल ते कर." मी बरं म्हटलं. आमच्या सबंध संसारात मी तिला दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

'मंगळवारी ऊन पडेल' हे संगीत नाटक माहीत नाही असा माणूस आमच्या विदरलीत शोधून सापडायचा नाही. तरी बाहेर कुठे असतील बिचारे, म्हणून सांगतो. हर्बी नावाचा हवामान खात्यातला एक कारकून टोप्यांच्या दुकानातल्या पेगीच्या प्रेमात पडतो. पावसामुळे दुकानातल्या गवती टोप्या खपत नसतात आणि पेगीची नोकरी जायची वेळ आलेली असते. म्हणून हा पठ्ठ्या सरकारी अंदाजात ठोकून देतो, की मंगळवारी ऊन पडेल. सगळं गाव टोप्या विकत घेतं. दोन तास नाच, गाणी, एक खडूस साहेब, एक वेंधळा हवालदार, आणि शेवटी लग्न. बस्स. लंडनच्या टीकाकारांनी तेव्हा याला पोरखेळ म्हटलं आणि तो पोरखेळ वर्षानुवर्षं हाउसफुल्ल चालला. लढाई संपून काही वर्षं झाली होती, साखर अजून रेशनवर होती, निम्म्या गल्ल्यांत पडक्या भिंती होत्या आणि कोळसा ओला यायचा. अशा लोकांना कोणीतरी नाचत नाचत, छातीठोकपणे सांगत होतं की मंगळवारी ऊन पडेल. कुठल्या मंगळवारी, ते नाटकात कुठेही सांगितलेलं नाही. माझ्या मते ते इतकी वर्षं टिकलं याचं कारण तेवढंच आहे.

आमची हौशी मंडळी दर पाच-सहा वर्षांनी ते बसवायची. पेगी म्हणजे हेस्टर, आणि हर्बी म्हणजे जेराल्ड बॅमफर्थ. जेराल्ड गावचा दातांचा डॉक्टर. दिवसा ज्याने आपली दाढ उपटली तोच माणूस रात्री बावीस वर्षांचा प्रेमवीर होऊन समोर उड्या मारताना बघायचा, याची विदरलीला सवय झाली होती. पुढे त्याला गुडघेदुखी लागली तेव्हा उड्या कमी झाल्या, वय मात्र बावीसच राहिलं. मी प्रॉम्प्टर. माझ्या गळ्याबद्दल शाळेतच एकदा कायमचा निर्णय झालेला होता. त्यामुळे माझ्या बायकोचं प्रेमप्रकरण मी विंगेत बसून, मांडीवर पुस्तक घेऊन, चुंबन वेळेवर होतंय की नाही हे तपासत बघितलं. पियानोवर जेराल्डची बायको मॉड असे. त्या प्रेमकथेतली आम्हा दोघांची जागा साधारण सारखीच होती, फक्त तिची पाठ रंगमंचाकडे असायची आणि मला सगळं दिसायचं.

प्रॉम्प्टिंग हे काम लोकांना वाटतं तितकं हलकं नाही. विसरलेल्याला सबंध ओळ सांगायची नसते. पहिले दोन-तीन शब्द टाकायचे, बाकी त्याने उचलायचं. विंगेत दोन छोटे दिवे असतात. लाल लागला की तयार राहायचं आणि हिरवा लागला की काम सुरू. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे अंधारात ओळखायचं. यावरूनच आमच्या घरात एकदा मोठा प्रसंग झाला. शेवटच्या गाण्यात हर्बी विचारतो, "आणि मंगळवारी नाही पडलं तर?" त्यावर पेगी म्हणते, "तर बुधवारपर्यंत थांब माझ्यासाठी." एका प्रयोगात जेराल्डने प्रश्न टाकला आणि हेस्टर गप्प. चेहरा प्रेक्षकांकडे, तोंड मिटलेलं. तालमीत असं काही ठरलेलं नव्हतं. मी कर्तव्य केलं आणि विंगेतून खणखणीत आवाजात "तर बुधवारपर्यंत" असं म्हटलं. प्रेक्षागृहात हशा पिकला. पुढचे कित्येक दिवस नाश्त्याच्या टेबलावर माझ्याशी फक्त टोस्टच बोलत होता. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मी विसरले नव्हते. मी थांबले होते. ज्याला यातला फरक कळत नाही, त्याने पुस्तक घेऊन बसू नये." त्यानंतर दर प्रयोगाला ती तिथे थांबायची, जरा जास्तच, आणि थांबताना डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेकडे बघायची. माझं आजही म्हणणं आहे की पहिल्यांदा ती विसरलीच होती.

तर ही कॅसेट. हेस्टर एका गुरुवारी पहाटे गेली. दुपारी शेजारच्या मिसेस ब्रेंडा क्लॅटवर्दी लीकच्या भाजीच्या सूपचं पातेलं घेऊन आल्या. या बाई दुःखाच्या प्रसंगी सल्ला आणि सूप एकाच पातेल्यातून वाढतात. त्यांनी विचारलं, विधी कधी? मी म्हटलं, आमचे अंत्यविधीवाले मिस्टर टॉली पुढचा शुक्रवार म्हणताहेत. बाईंनी पळी खाली ठेवली. मंगळवारचं गाणं आणि शुक्रवारी? लोक काय म्हणतील? लोक काय म्हणतील हा प्रश्न मला आयुष्यात कधी पेलता आलेला नाही. मी मिस्टर टॉलींना फोन केला. पुढचा मंगळवार भरलेला होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी दुपारची शेवटची वेळ मोकळी होती. मी ती घेतली, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की गाण्यातला वार जुळवण्यासाठी मी हेस्टरला आणखी काही दिवस टॉलींच्या थंड खोलीत ठेवलं आहे. तिला थंडी अजिबात सोसत नसे, जून महिन्यातही ती पायांशी गरम पाण्याची पिशवी घ्यायची. मला फार वाईट वाटलं. पण एकदा घेतलेली वेळ बदलायची म्हणजे पुन्हा फोन करायचा, आणि तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेराल्ड आला, माझा हात बराच वेळ हातात धरून बसला, आणि मग त्याला कॅसेटबद्दल कळलं. "कॅसेट?" तो म्हणाला. "लायोनेल, तिच्यासमोर दुसरा कोणीतरी हर्बी गाणार? आणि मी बाकावर बसून ऐकू?" लंडनच्या मूळ हर्बीचा वरचा स्वर पातळ होता हे त्याने मला उदाहरणांसह पटवून दिलं. मला पटलं नाही, पण मी मान हलवली. आमच्या भागात मान हलवणं ही संमती नसते, ती फक्त समोरच्याचं बोलणं संपावं म्हणून केलेली सोय असते. जेराल्ड मात्र लढाईत काही वर्षं परदेशी राहिलेला होता. त्याने ती संमती धरली. संध्याकाळपर्यंत सबंध मंडळीला निरोप गेला की हेस्टरसाठी प्रत्यक्ष गायचं, कोरससह, टोप्यांसह.

आता गायचं म्हणजे पियानो आला. दहनगृहाचे व्यवस्थापक मिस्टर पिम यांच्याकडे गेलो. त्यांच्याकडे एक विजेचा ऑर्गन होता, पण तो फक्त धार्मिक गीतांसाठी होता. इतर संगीतासाठी बाहेरून वाद्य आणायला त्यांची हरकत नव्हती, मात्र ते पुढच्या दाराने आत आलं पाहिजे, कारण मागचं दार, त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "दुसऱ्या कामासाठी असतं." मग टोप्या. गवती टोप्यांचा उल्लेख ऐकून ते दचकले. अग्निसुरक्षेच्या नियमांनुसार इमारतीत सुकं गवत चालणार नव्हतं. मी आयुष्यभर काउंटी कौन्सिलात इमारत तपासनीस होतो. असे नियम मी स्वतः लोकांना ऐकवले आहेत आणि त्यांची तोंडं पडलेली पाहिली आहेत. पण ज्या जागी अख्खा माणूस रीतसर जाळायची परवानगी आहे, त्या जागी एका टोपीने आग लागेल ही भीती मला नवीन होती. मी तसं म्हणालो. मिस्टर पिम सहानुभूतीने म्हणाले, "आग आमच्या बाजूला लागली तर चालते, मिस्टर पेनफोल्ड. तुमच्या बाजूला नाही." शेवटी टोप्यांना आग न धरणारं द्रावण फासायचं ठरलं. मिसेस क्लॅटवर्दींनी ते काम अंगावर घेतलं आणि माझ्या न्हाणीघरात सगळ्या टोप्या वाळत घातल्या. तिथे हेस्टरचा गाउन अजून खुंटीवर होता. मी तो काढून आत ठेवला, मग परत आणून खुंटीला लावला.

घोडं अडलं ते पेगीपाशी. हेस्टरची जागा कोण घेणार? डोरीन आणि फिलिपा या दोघी कोरसच्या पहिल्या ओळीत उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि ती जागा कधी मोकळी होते याची वाट बघत होत्या. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. दोघींनाही हेस्टरचं खरंखुरं दुःख झालं होतं. पण दुःखात सुद्धा माणसाला वरचा स्वर लागतो. डोरीन सकाळी आली, डोळे पुसले आणि म्हणाली की हेस्टरसाठी ते गाणं म्हणणं हा आपला सन्मान असेल. मी म्हटलं, "फार छान होईल." फिलिपा चहाच्या वेळी आली, डोळे पुसले आणि तेच म्हणाली. मी म्हटलं, "फार छान होईल." यापेक्षा वेगळं काय म्हणणार होतो? आमच्याकडे 'छान होईल' म्हणजे हो, 'छान होईल' म्हणजे नाही, आणि 'छान होईल' म्हणजे आता घरी जा. ऐकणाऱ्याने चेहरा बघून काय ते समजायचं असतं. पण त्या आठवड्यात माझ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

रविवारी सगळे टोप्या न्यायला माझ्याकडे जमले आणि बिंग फुटलं. आता भांडण होणार म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशी सरकलो. भांडण झालं असतं तर किती बरं झालं असतं! दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि डोरीन बिस्किटांची बशी पुढे करत म्हणाली, "तूच गा ग, फिलिपा. तुला शोभेल."

"छे, छे. लायोनेलने तुला आधी हो म्हटलं. तूच गायला हवं."

"मी मागे उभी राहीन. मला खरंच काही वाटणार नाही."

"मला तर त्याहून नाही."

हे बराच वेळ चाललं. बशी इतक्या वेळा इकडून तिकडे गेली की बिस्किटांचा चुरा झाला. शेवटी दोघीही एकदम म्हणाल्या, "बरं, मग ठरलं." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काय ठरलं, हे विचारणं फार उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून कोणी विचारलं नाही.

मंगळवारी पाऊस पडला. सकाळपासून, खाली मान घालून काम करणाऱ्या माणसासारखा तो पडत होता. मिस्टर टॉलींनी मोठ्या मनाने पियानोसाठी आपली दुसरी शववाहिका दिली होती. पियानो भिजू नये म्हणून त्यावर मंडळींच्या नाटकातला जांभळा मखमली पडदा टाकला होता. आमच्या आधीच्या विधीचे लोक नुकतेच बाहेर येत होते. समोर शववाहिका थांबलेली, आणि तीतून सहा माणसं काहीतरी प्रचंड, जांभळ्या मखमलीखाली झाकलेलं, कण्हत कण्हत उतरवताहेत. बाहेर येणाऱ्या त्या सगळ्यांनी आदराने टोप्या काढल्या. एक म्हातारी पुढे आली, पडद्याला हात लावून मला म्हणाली, "फार सोसलं असेल हो." मी आभार मानले. मागून दुसऱ्या गाडीतून हेस्टर आली, लहानशी, हलकी, आणि तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

आत बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. टोप्यांवरचं द्रावण आग धरत नव्हतं, पण पाणी धरत होतं. पावसात भिजल्यावर त्यातून पिवळट ओघळ सुटले, आणि हेस्टरची आवडती मंडळी कपाळापासून हनुवटीपर्यंत कावीळ झाल्यासारखी दिसू लागली. काळे कपडे नकोत म्हणून सगळे फुलाफुलांचे झगे आणि पट्ट्यापट्ट्यांचे कोट घालून आले होते. रडायचं नाही म्हणून सगळे ओठ आवळून बसले होते. हेस्टर असती तर हसून हसून खाली बसली असती. मला ते तिला सांगायचं होतं. मी शेजारी वळलोसुद्धा. शेजारी मिसेस क्लॅटवर्दी होत्या.

पाद्रीसाहेब तरुणपणी खडूस साहेबाची भूमिका करायचे, हे मला माहीत नव्हतं. दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि त्यांनी नाटकाची सबंध गोष्ट सांगितली, हवालदाराच्या विनोदांसह. दहनगृहात प्रत्येकाला अर्धा तास मिळतो. भाषणाच्या मेजावर एक छोटा लाल दिवा असतो, वेळ संपत आली की तो लागतो. मॉडने पियानोला हात घातला तेव्हा अर्ध्या तासातलं फारसं काही उरलं नव्हतं.

जेराल्ड उभा राहिला. पिवळ्या ओघळांचा, सत्तरी उलटलेला, एका गुडघ्यावर भार टाकलेला. पण त्याने पहिला स्वर लावला आणि मी शपथेवर सांगतो, तो बावीस वर्षांचा होता. कोरस उचलला गेला. मागच्या बाकांवर, ज्यांना कोणी सांगितलंही नव्हतं असे लोक, इस्पितळातल्या नर्सा, खाटीक, टॉलींची काळ्या कोटातली माणसं, सगळे गुणगुणू लागले. शब्द कोणालाच आठवावे लागत नव्हते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत सगळं गाव एकमेकांना सांगत होतं की मंगळवारी ऊन पडेल. मला वाटलं, झालं, हेस्टर, नीट झालं.

मग कोरस थांबला. जेराल्ड शवपेटीकडे वळला आणि त्याने विचारलं, "आणि मंगळवारी नाही पडलं तर?"

डोरीनने फिलिपासाठी जागा सोडली होती. फिलिपाने डोरीनसाठी. दोघी मान तिरकी करून, गोड हसून, एकमेकींच्या सुरुवातीची वाट बघत होत्या. मॉडचा हात पट्ट्यांवर थांबला. कोणीच काही म्हणेना. आणि मेजावरचा लाल दिवा लागला.

त्या दिव्याचा अर्थ आटपा असा होता, हे मला नंतर सांगण्यात आलं. पण मी ज्या विंगेत आयुष्य काढलं तिथे लाल दिव्याचा अर्थ तयार राहा असा आहे. मी तयार झालो. मांडीवर पुस्तक नव्हतं, तरी बोट त्या ओळीवर गेलं. पण या वेळी मी घाई केली नाही. मनाशी म्हटलं, ती विसरली नाही, ती थांबली आहे. तिला थांबू दे. सगळ्या प्रयोगांत ती जेवढी थांबायची तेवढा मी थांबलो. मग त्याहून जास्त थांबलो. लोकांनी खोकायला सुरुवात केली, मिस्टर पिमनी घड्याळ बघितलं, आणि मी शवपेटीकडे बघत राहिलो. आणि मग मला कळलं की हे थांबणं नाही. विसरणंही नाही. हे तिसरंच काहीतरी आहे, आणि त्यासाठी पुस्तकात काही लिहिलेलं नाही.

"तर बुधवारपर्यंत," मी म्हणालो. विंगेतल्या आवाजात, खणखणीत. पहिले दोन शब्द, नियमाप्रमाणे.

कोणीही उचललं नाही. या वेळी हशाही पिकला नाही. जेराल्ड माझ्याकडे बघत होता. नियम असा आहे की नटाने ओळ उचललीच नाही तर प्रॉम्प्टरने सबंध ओळ म्हणायची, म्हणजे नाटक पुढे सरकतं. मी उभा राहिलो. मला गाता येत नाही. मी ती ओळ तशीच म्हटली.

"तर बुधवारपर्यंत थांब माझ्यासाठी."

मिस्टर पिमनी कुठलंसं बटण दाबलं आणि शवपेटीसमोरचा पडदा सरकू लागला. हेस्टरवर पडदा पडताना मी आयुष्यभर अगदी जवळून बघत आलो. तो पुन्हा उघडायचा, ती पुढे येऊन वाकायची, आणि आत वळताना माझ्या डोक्यावर टपली मारायची. मी पडद्याच्या दोन्ही कडा मिटेपर्यंत उभा होतो, आणि मिटल्यावरही उभा होतो. शेवटी मिसेस क्लॅटवर्दींनी माझी बाही ओढली.

घरी हॅमची सँडविच होती. सगळे म्हणाले, छान झालं. डोरीन आणि फिलिपा एकमेकींना बशा देत होत्या, पण एकमेकींकडे बघत नव्हत्या. सगळे पांगल्यावर जेराल्ड मागे राहिला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"या वेळी तू बराच थांबलास, लायोनेल," तो म्हणाला.

"हो."

"तिला आवडलं असतं."

मी त्याला दारापर्यंत सोडलं, कपबशा विसळल्या आणि पियानोवरचा, माझ्याकडेच राहून गेलेला जांभळा पडदा वाळत घातला.

बुधवारीही पाऊसच होता. मी खिडकीपाशी खुर्ची घेतली आणि दिवस मावळेपर्यंत थांबलो.